वाट मागितली, चावी मिळाली

आमचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. अंजूरच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला. गावातली माणसं आम्हाला ‘शेतावरची’ म्हणायची आणि त्यात एक बारीकसा टोमणा असायचा, कारण भावकीशी पटेना म्हणून आजोबा गाव सोडून शेतावर राहायला गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटत नसे. मागे खाडी, पुढे भाताची खाचरं, आणि खाचरांमधल्या बांधावरून रस्त्यापर्यंत जायची वाट. ती वाट कोणाची, असा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. रोज पायाखाली असलेल्या गोष्टीबद्दल कोण विचारत बसतं?

दोन हजार सालानंतर आमच्याकडची शेतं भराभर गोदामं झाली. मुंबईच्या मालाला मुंबईत जागा नव्हती आणि आमच्याकडे जागेशिवाय दुसरं काही नव्हतं, तेव्हा जोडी जमली. बाबांनी जमीन दिली नाही. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं. आमची जमीन एवढीशी, त्यात अर्धी खारट, कोणी मागितलीच नाही. समोरची खाचरं मात्र बाबांच्या चुलतभावाची होती. त्यांना मी काका म्हणते. काकांनी डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन लांबलचक गोदामं उठवली आणि मधल्या बांधावर ट्रकसाठी काँक्रीट ओतलं. आम्ही खूश झालो. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालायचं संपलं. आईनं तर त्या आनंदात काकांच्या घरी घावन करून पाठवले.

मग गोदामात चोरी झाली. काकांनी रस्त्याच्या तोंडाशी उंच भिंत घातली आणि भिंतीत लोखंडी गेट बसवलं. गेट संध्याकाळी बंद व्हायचं ते सकाळी पहिल्या ट्रकला उघडायचं, आणि दिवसाही ट्रकपुरतंच उघडून लगेच ओढून घेतलं जायचं. रविवारी ट्रक नसत, म्हणून रविवारी उघडायचंच नाही. माणसांसाठी गेटच्या कोपऱ्यात एक छोटं दार ठेवलं होतं, कमरेत वाकून आणि उंबऱ्यावर पाय उचलून आत-बाहेर करावं लागे असं.

“ठीक हाय,” बाबा म्हणाले. “आपन कुठं रातचं फिरतो?”

“आपन न्हाय फिरत,” आई म्हणाली. “पर आपल्याकडं कोन येल?”

आईचं खरं झालं. सिलिंडरवाला गेटबाहेरच सिलिंडर आपटून निघून जायचा. पोस्टमन पत्र वॉचमनकडे द्यायचा. माझी एक मावशी छोट्या दारातून वाकताना डोकं आपटून घेऊन आली आणि म्हणाली, “तुमच्याकडं येनं म्हंजे जेलातल्या मानसाला भेटायला येनं.” आम्ही हसलो. पुन्हा काही ती आली नाही.

हे सगळं आम्ही गिळलं असतं. बाबा तर काहीही गिळणारे. पण त्याच वर्षी माझ्या वहिनीला दिवस राहिले. आधीचं एक पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जरा कळ आली की रिक्षा करायची आणि भिवंडी गाठायची, घरी बसून अंदाज घेत राहायचं नाही. वहिनीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं. दादा टेमघरला लूमच्या कारखान्यात कामाला, त्याची शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. म्हणजे वेळ आली तर बाबा, आई, मी, आणि बंद गेट.

सातव्या महिन्यात एका रविवारी वहिनी तपासणीला निघाली. छोट्या दारापाशी गेली, वाकली, आणि तिला वाकताच येईना. आडवी वळली, पाठमोरी झाली, एक पाय बाहेर टाकून बघितला. पोट मध्ये यायचं. आधी तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. मग ती तशीच, एक पाय आत आणि एक पाय बाहेर, दाराची चौकट धरून रडायला लागली. त्या क्षणी मला जो संताप आला, तो आज लिहितानाही ताजा आहे.

वॉचमन बिचारा उत्तरेकडचा, भला माणूस. तो म्हणाला, “बेटी, चाबी मेरे पास नहीं रहती. सेठ घर ले जाते हैं.” सेठ म्हणजे आमचे काका, आणि काकांचं घर आता भिवंडीत, तिसऱ्या मजल्यावर.

बाबा काकांकडे गेले नाहीत असं नाही. दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा पिऊन आले.

“काय म्हनला?” आईनं विचारलं.

“म्हनला, तुजाच गेट हाय. कवापन सांग.”

आमच्याकडे एखादी गोष्ट द्यायची नसली की ती ‘तुझीच आहे’ असं सांगतात. मग मागणार कशी? भांडावं तर भावकी, आपलेच दात आणि आपलेच ओठ. न भांडावं तर वहिनीचे दिवस भरत चाललेले.

त्यातच बातमी आली की आमदारसाहेब गावात येणार. सरकारची नवी धोरणं लोकांना समजावून सांगायला ते गावोगाव फिरत होते, आणि आमच्याकडचं सगळ्यात मोठं धोरण म्हणजे गोदामांचं. परवानगी न घेता उभी राहिलेली गोदामं आता नियमित होणार, अशी हवा होती. काकांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. सभा त्यांनी स्वतःच्या डावीकडच्या गोदामातच ठेवली, माल नुकताच उचलून रिकामं झालं होतं ते.

बाबांनी त्या बातमीचा अर्थ आपल्या परीनं लावला, आणि मला वाटतं बरोबरच लावला. गोदाम जसं आहे तसं कायम झालं, तर भिंतही कायम आणि गेटही कायम. एकदा सरकारचा शिक्का बसला की मग विचारून काय उपयोग? म्हणजे विचारायचं ते आत्ताच, साहेबांसमोर, चारचौघांत. चारचौघांत काकांना ‘तुझंच आहे’ म्हणून सुटता आलं नसतं.

आम्ही वाक्य तयार केलं. “साहेब, गोदाम कायम होऊ द्या, पण आमची वाट मोकळी राहू द्या.” एवढंच. बाबा ते कोंबड्यांना दाणे टाकताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे. एकदा जेवताना अचानक मोठ्यानं म्हणाले, तर वहिनीच्या हातातली वाटी पडली. “बाबा, तुमी बोललाव म्हंजे झालंच,” ती म्हणाली. तिचा बाबांवर फार विश्वास. तिचे वडील कडक होते म्हणे, आणि बाबा तिला कधी ‘अगं’सुद्धा जोरात म्हणाले नव्हते. माझा मात्र बाबांवर तेवढा विश्वास नव्हता. मी त्यांना तिच्यापेक्षा जास्त वर्षं ओळखत होते.

सभेच्या दिवशी गोदाम गच्च भरलं. भिंतीला खिडकी नाही, वर पत्रे, आत-बाहेर करायला एकच शटर. लोक भाषणाच्या मध्येच उठून जातात म्हणून काकांनी ते शटर अर्ध्यावर ओढून ठेवलं होतं. जायचं तर वाकून जावं लागणार, आणि आमदारांसमोर वाकून पळताना दिसणार कोण? मला हसू आलं. वाकून जायचं दार बांधणं हा आमच्या काकांचा हातखंडाच होता.

आमदारसाहेब बोलायला छान होते, हे मान्य करायलाच हवं. पांढरा स्वच्छ सदरा, खिशाला पेन, हातात एक टाचणही नाही. शाळेच्या खोल्या, गावठाणाचा विस्तार, भारनियमन, एकेक विषय उलगडून सांगत होते. प्रत्येक विषयाच्या शेवटी म्हणायचे, “शासनाची भूमिका सकारात्मक आहे.” भारनियमन टप्प्याटप्प्यानं कमी होणार हे सांगत असतानाच लाईट गेली. हे मी रचून सांगत नाही, त्या काळी आमच्याकडे रचायची गरजच नव्हती. पंखे थांबले. जनरेटर सुरू झाला, पण तो फक्त माईकपुरता. पत्र्याखाली आम्ही सगळे घामानं निथळत बसलो आणि साहेब गोदामांवर आले.

“तुमच्या डोक्यावरची टांगती तलवार शासन काढणार आहे,” ते म्हणाले, आणि अशा टाळ्या पडल्या की पत्रे थरथरले. मी बायकांच्या बाजूला आई आणि वहिनीच्या मध्ये बसले होते. वहिनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बाबांकडे बघत होती. प्रश्नोत्तरांना वेळ देणार असं साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि बाबा पुढच्या रांगेत वाक्य तोंडात धरून बसले होते.

त्याआधी सत्कार निघाले. जुन्या शेतकऱ्यांचे सत्कार, असं काकांनी जाहीर केलं आणि पहिलंच नाव बाबांचं घेतलं. बाबा गोंधळून उठले, स्टेजवर गेले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. मग नारळ उचलला आणि प्रेमानं म्हणाले, “शेठ, हा तुमच्या हातून द्या. भाऊ-भाऊ आहात.” काकांनी नारळ बाबांच्या हातात दिला. फोटो निघाला.

माझ्या शेजारी आईनं हाय खाल्ली. आमच्याकडे भावकीतलं भांडण मिटवायची एक रीत आहे. पंच बसतात, बोलणं होतं, आणि शेवटी एकानं दुसऱ्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ घेतला की ते भांडण संपलं. तो विषय पुन्हा काढायचा नाही, काढणाऱ्याला गावात तोंड राहत नाही. साहेबांना हे माहीत असण्याचं कारण नाही. ते बापडे आठवड्यातून कितीतरी नारळ देत असतील. काकांना माहीत होतं का? मला वाटतं होतं, आई म्हणते नव्हतं. पण बाबांना माहीत होतं. त्यांच्या दोन्ही हातांत तो नारळ होता आणि त्यांचा चेहरा पंचांपुढून उठलेल्या माणसासारखा झाला होता.

“कोणाला काही विचारायचं आहे का?” साहेबांनी विचारलं. एकानं विजेचं विचारलं, एकानं रस्त्याचं. साहेबांनी खरंच नीट उत्तरं दिली. बाबांना आता स्टेजवरच खुर्ची मिळाली होती, साहेबांपासून हाताच्या अंतरावर. नुसतं वळून बोलले असते तरी ऐकू गेलं असतं. ते मांडीवरच्या नारळाकडे बघत बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी वाकून स्टेजच्या कडेला गेले आणि दबक्या आवाजात म्हटलं, “बाबा, बोला ना.”

“नारल घेतला ग मी,” ते म्हणाले.

“अहो, तो सत्काराचा नारळ आहे!”

“नारल तो नारल,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा खाली बघायला लागले.

आता एकच जागा उरली होती. कॉलेजात जाते आणि शुद्ध बोलते म्हणून आभार मानायचं काम काकांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. आभार कोणी ऐकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी माईक हातात घेतला तोवर निम्मं गोदाम उठलं होतं, कारण शटरच्या पलीकडे बटाटेवड्यांचा वास सुटला होता. पण आभार संपेपर्यंत पाहुण्यांना उठता येत नाही. साहेब बसून होते. काका बसून होते. अडकलेच होते म्हणा ना.

मी साहेबांचे आभार मानले. मंडपवाल्यांचे, माईकवाल्यांचे मानले. मग म्हटलं, “आमच्या काकांचे विशेष आभार. त्यांनी आमच्या वाटेवर गेट बांधलं, त्यामुळे आमच्याकडे चोर येत नाहीत. पाहुणे येत नाहीत. रिक्षाही येत नाही. माझी वहिनी इथेच बसली आहे. तिला आठवा लागलाय, आणि गेटच्या लहान दारातून तिला वाकून जाता येत नाही. रात्री पोटात दुखायला लागलं तर आम्ही तिला कुठून न्यायचं, एवढं साहेबांनी जाता जाता सांगितलं तर त्यांचेही पुन्हा आभार मानते.”

शटरखाली वाकलेली माणसं तशीच वाकून राहिली. काकांचा चेहरा लालेलाल झाला. आतून मला भयंकर बरं वाटत होतं, ते कशाला लपवू?

साहेबांनी माझ्याकडून माईक घेतला. रागावले नाहीत. “ताई, वाट सातबाऱ्यावर नोंदलेली आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “आम्ही बांधावरून चालायचो.”

“मग खरं सांगतो. नवीन धोरणात गोदामाची रुंदी बघतात, उंची बघतात. न नोंदलेल्या वाटेचं त्यात काही नाही. तहसीलदारांकडे अर्ज करा, शासनाची भूमिका सकारात्मक आहे, पण वेळ लागेल. बाळ तेवढं थांबणार नाही.” लोक हसले. साहेब काकांकडे वळले. “शेठ, सरकारला राहू द्या. एक चावी या घरी देऊन टाका. आत्ता. माझ्यासमोर.”

काय टाळ्या पडल्या! सकाळपासून एवढ्या पडल्या नव्हत्या. काकांनी खिशातून जुडगा काढला, एक चावी सोडवली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती घ्यायला नारळ काखेत धरला. वहिनीचे डोळे भरून आले. मीही टाळ्या वाजवल्या. मी वाट मागितली होती आणि मिळाली होती चावी, पण दोन्हीत फरक काय, हे तेव्हा कळण्याइतकी उसंत कोणाला होती?

फरक पुढच्याच आठवड्यात कळला. काकांनी वॉचमनला गावापलीकडे घेतलेल्या आपल्या नव्या गोदामावर पाठवलं. “घरचा मानूस हाय आता गेटवर, भाड्याचा कशाला?” असं ते गावात सांगत होते, कौतुकानं. पहिला ट्रक उजाडायच्या आत यायचा, गेटबाहेर हॉर्न वाजवायचा, आणि बाबा चावी घेऊन पळायचे. पूर्वी संध्याकाळी येणाऱ्या गाड्या बाहेर रस्त्यावर थांबायच्या. आता त्यांना सांगितलेलं असायचं की आत एक चाचा आहेत, हॉर्न द्या. रविवारसुद्धा गेला. बाबा गुडघ्यांसाठी वर्षातून एकदा अकलोलीला जायचे, गरम पाण्याच्या कुंडात बसायला. त्या वर्षी गेले नाहीत. चावी कोणाकडे देणार? आईकडे दिली तर रात्रीबेरात्री तिला ट्रकवाल्यांसमोर जावं लागणार, ते त्यांना चालेना.

“परत देऊन या ती चावी,” मी म्हणायचे.

“मंग हिला कसं न्यायचं?” बाबा वहिनीकडे बोट करायचे.

नारळ त्यांनी देवाजवळ ठेवला होता. आई एकदा तो फोडायला निघाली तर बाबांनी तिच्या हातातून काढून घेतला. हळूहळू आतलं पाणी आटून तो वाजायला लागला.

वहिनीला कळा सुरू झाल्या त्या रविवारी सकाळी. दादा घरी होता, देवाची कृपा. बाबांनी गेट सताड उघडलं, रिक्षा थेट अंगणात आली, आणि वहिनी न वाकता, ताठ बसून निघाली. चावीनं आपलं काम चोख केलं, हे मला सांगायलाच हवं. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, आम्ही तिघी मागे, आणि बाबा दुसरी रिक्षा करून मागून येणार होते. आम्ही गेटबाहेर पडलो आणि समोरून कंटेनर वळला. मी मागे वळून बघितलं. बाबा गेटपाशी उभे होते, ड्रायव्हरशी बोलत होते, आणि मग त्यांनी धुतलेल्या शर्टाच्या बाह्या वर केल्या.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दादा पेढे घेऊन घरी जाऊन आला, बाबांना सांगून आला. बाबा दवाखान्यात आले नाहीत. रोज उद्या येतो म्हणायचे, आणि रोज कुठली तरी गाडी यायची होती.

घरी आणायच्या दिवशी दादा कामावर होता. आम्ही भिवंडीहून रिक्षा केली. गेट बंद होतं. रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि ओरडला, “ओ वॉचमन! गेट खोलो!”

घराकडून बाबा धावत आले. खांद्यावर टॉवेल, हातात चावी, गुडघा दुखत असल्यामुळे एका अंगावर कलून. मला त्या रिक्षावाल्याला चार शब्द सुनवायचे होते. पण बाबांनी त्याला नुसता हात वर केला, आलो आलो अशा अर्थी, जसा वॉचमन करतो. गेटचे दोन्ही पल्ले उघडले आणि एक पल्ला वाऱ्यानं परत येऊ नये म्हणून धरून उभे राहिले.

वहिनीनं बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि त्याला रिक्षाच्या बाहेर, बाबांच्या बाजूला धरलं. “बाबा, बघा तर!” रिक्षा हळू झाली. तेवढ्यात मागून मोठा हॉर्न वाजला. आमच्या पाठोपाठ एक ट्रक येऊन उभा होता, त्याची शेपटी मेन रस्त्यावर, आणि त्याच्या मागे सगळी रहदारी तुंबायला लागली होती. बाबांनी एकदा बाळाकडे बघितलं, एकदा ट्रककडे, आणि हातानं आम्हाला खुणावलं, “आने दो, आने दो, पुढं घ्या.”

आम्ही घरात गेलो. आईनं वहिनीवरून आणि बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाबा नंतर आले. त्यांना आधी ट्रक आत घ्यायचा होता.